तळ्यावरचा वारा आणि बाबांचा अंदाज

आम्ही लंडनमधलं स्टॅनमोर सोडून इंग्लंडच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या गावात राहायला गेलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि बाबांची नोकरी जाऊन आठ महिने झाले होते. यातली पहिली गोष्ट आम्ही सगळ्यांना सांगायचो, दुसरी कुणालाच नाही. नागपूरला आजीला फोन लागला की आई म्हणायची, "इकडची हवा फार छान आहे, म्हणून आलो." खरं म्हणजे आई भूलतज्ज्ञ होती, तळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या शहरातल्या हॉस्पिटलात तिला चांगली पोस्ट मिळाली होती, आणि बाबांची सॉफ्टवेअर कंपनी एका शुक्रवारी दुपारी कायमची बंद झाली होती. सामानाची व्हॅन दरीत उतरली तेव्हा ड्रायव्हरने समोर बोट दाखवून सांगितलं की इकडे डोंगराला 'फेल' म्हणतात. बाबा म्हणाले, "चला, म्हणजे मी एकटाच नाही." मी हसले, आणि बाबांचा चेहरा बघून मध्येच थांबले.

घर राखाडी दगडाचं होतं, स्लेटच्या छपराचं, आणि ते सतत काहीतरी बोलत असायचं. चिमणीत वारा शिरला की कुणीतरी रिकाम्या बाटलीत फुंकावं तसा आवाज यायचा. बॉयलर सुरू होताना एकदा धप्प करायचा. मागच्या कुरणातल्या मेंढ्या दिवसभर खोकल्यासारख्या ओरडायच्या, आणि तळं, जे घरातून फक्त जिन्याच्या खिडकीतून दिसायचं, ते वाऱ्याच्या दिवशी काठावर चुळुकचुळुक करत राहायचं. स्टॅनमोरच्या घरात आई स्वयंपाक करायची आणि बाबा ऑफिसहून येताना ट्यूब रेल्वेत उभे असायचे. इथे आई पहाटे गाडी काढून निघून जायची आणि बाबा ओट्यापाशी उभे असायचे. ते सुरुवातीला पुस्तकात बघून करत, मग आजीला फोनवर विचारून, आणि वर्षभरात त्यांचा गोळाभात आईच्या गोळाभाताच्या पुढे गेला. वर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल ओतताना ते मला मागे सरकायला सांगत आणि स्वतः मात्र चष्म्यावर थेंब उडवून घेत. माझ्या शाळेच्या कोटाला त्या फोडणीचा वास यायचा. त्या वयात मला त्याची लाज वाटे. आता माझ्या लंडनच्या फ्लॅटमध्ये चिमणी इतकी चांगली आहे की कशालाच कसला वास लागत नाही, आणि कधी कधी मी मुद्दाम ती बंद ठेवते.

मिस हॅलम आमच्या आयुष्यात आल्या त्या कपड्यांच्या दोरीमुळे. बाबा अंगणात धुतलेल्या चादरी वाळत घालत होते. लख्ख ऊन होतं. शेजारच्या दगडी भिंतीपलीकडून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला, "वीस मिनिटांत काढाव्या लागतील." बाबांनी आभाळाकडे पाहिलं, नम्रपणे हसले, आणि चादरी घालत राहिले. अठराव्या मिनिटाला पाऊस आला. दुसरा कुणी असता तर चादरी गोळा करून आत पळाला असता. बाबा भिजलेली चादर खांद्यावर टाकून तसेच भिंतीपाशी गेले आणि म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?" आठ महिन्यांत त्यांनी कुणाला काही विचारल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होते.

मिस हॅलम तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. लग्न केलं नव्हतं, गावातल्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि वडिलांच्या मागे त्यांनी सुरू ठेवलेलं एकच काम होतं: हवा टिपून ठेवणं. त्यांच्या परसात झडपांची एक पांढरी लाकडी पेटी चार पायांवर उभी होती, आत थर्मामीटर. जमिनीत अर्धं पुरलेलं पावसाचं तांब्याचं भांडं होतं. उंच खांबावर तीन वाट्यांची फिरकी वाऱ्याचा वेग मोजायची, आणि तिचा काटा घरात, जिन्याखाली, हवेचा दाब दाखवणाऱ्या बॅरोमीटरच्या शेजारी हलायचा. रोज सकाळी बरोबर नऊ वाजता त्या हे सगळं वाचायच्या आणि कापडी पाठीच्या वहीत पेन्सिलीने लिहायच्या. शेवटचा रकाना बर्फाचा. थंडीच्या दिवसांत त्या जिन्याच्या खिडकीत उभ्या राहून तळ्यापलीकडच्या डोंगरावर बर्फ किती खाली उतरला आहे ते बघायच्या आणि लिहायच्या, 'वरच्या भिंतीपर्यंत', 'मेंढवाड्यापर्यंत', 'पाण्यापर्यंत'. अशा वह्यांचं एक पूर्ण कपाट होतं. पहिल्या वह्यांमध्ये त्यांच्या वडिलांचं तिरकं अक्षर होतं.

बाबा दुसऱ्या दिवशी नऊला दहा कमी असताना त्यांच्या दारात उभे होते. तिसऱ्या दिवशीही. महिन्याभरात मिस हॅलमनी त्यांना स्वतःची पेन्सिल दिली, आणि ही लहान गोष्ट नव्हती. त्यांचे गुडघे दुखायचे आणि परसातला ओला चढ त्यांना भारी पडायचा, हे खरं, पण बाबांना त्यांनी मदतनीस म्हणून कधी वागवलं नाही. "अरविंद, आज तुमच्या मते ढगांची उंची किती?" असं त्या विचारायच्या, आणि बाबा उत्तर देण्याआधी इतका वेळ आभाळाकडे बघत राहायचे की मला वाटायचं ते विसरले.

संध्याकाळी बाबा त्या वह्या एक एक करून घरी आणत आणि कॉम्प्युटरवर उतरवत. डायल-अपचा जमाना होता. मोडेम किरकिर करत जोडला गेला की घरचा फोन बंद. त्या इंटरनेटवर हवेचं वेड असलेल्या लोकांचा एक कट्टा होता, आणि बाबा त्यात हळूहळू मुरले. स्कॉटलंडमधला एक निवृत्त पोस्टमन, वेल्समधली एक बाई, केंब्रिजचा कुणी विद्यार्थी. कुणाच्या दारात किती बर्फ साचला, कुणाची फिरकी वाऱ्याने उडून गेली, यावर ही मंडळी तास तास लिहायची. आई दमून घरी आल्यावर बाबा तिला सांगायचे, "आज पोस्टमनकडे गुडघाभर पडला." आई विचारायची, "कोण पडला?"

मलाही त्यांनी यात ओढलं, आणि त्यामागे त्यांचा दुसराही एक डाव होता. माझं मराठी तेव्हा लिंगांवर अडखळायचं. मी 'माझी डोकं' म्हणायचे आणि 'मोठा गाडी'. बाबा पेटीचं दार उघडता उघडता शिकवायचे, "वारा, तो. हवा, ती. वादळ, ते. एकच वस्तू, मिनू, पण चिडत गेली की लिंग बदलते." व्याकरणाच्या दृष्टीने यात काही तथ्य नाही. पण हे तीन शब्द मी पुढे कधीही चुकले नाही.

सगळ्या वह्या उतरवून झाल्यावर बाबांनी बर्फाच्या दिवसांचा आलेख काढला आणि छापून मिस हॅलमकडे नेला. मी बरोबर होते. वर्षं डावीकडून उजवीकडे जात होती आणि रेघ, मध्ये मध्ये उसळी मारत, खाली खाली येत होती. मिस हॅलमच्या वडिलांच्या काळातलं 'पाण्यापर्यंत' शेवटच्या वह्यांमधून जवळजवळ नाहीसं झालं होतं. मिस हॅलमनी चष्मा काढून पुसला. "हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "रोज लिहीत होते ना. पण एकीला एक जोडून बघायचं धाडस होत नव्हतं." मग त्यांनी किटली ठेवली, आणि तो कागद टेबलावर उताणा ठेवायचा की पालथा, हे त्यांचं बराच वेळ ठरेना.

मी पंधरा वर्षांची झाले त्या डिसेंबरातली गोष्ट. गावात दर वर्षी ख्रिसमसच्या आधी तळ्याकाठी जत्रा भरायची. केक, सफरचंदाचं गरम सायडर, मुलांची गाणी. बाबांनी चार दिवस आधीपासून नकाशे बघितले, कट्टेकऱ्यांशी चर्चा केली, आणि त्यांची खात्री पटली की शनिवारी उत्तरेकडून जोराचा बर्फ येणार. तळ्याचा रस्ता बंद होईल, लोक अडकतील. रेडिओवर असं कुणी म्हणत नव्हतं. मिस हॅलम म्हणाल्या, "येईलही. नाहीही." पण बाबांना त्या दिवसांत पहिल्यांदाच आपण गावाच्या उपयोगाचे आहोत असं वाटत होतं. ते गावच्या हॉलच्या समितीपुढे जाऊन उभे राहिले. माझ्या वर्गातल्या जेमाचे वडील, बॅरी, समितीचे प्रमुख होते. त्यांची एक मिनीबस होती आणि आसपासच्या म्हाताऱ्यांना ते तीतून नेत-आणत. बाबांचं बोलणं त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि जत्रा रद्द केली.

शनिवारी पहाटे थोडा थंडगार पाऊस पडला. नऊ वाजता ऊन पडलं. दिवसभर तळं आरशासारखं होतं. मला आयुष्यात इतका सुंदर आणि इतका भयंकर दिवस आठवत नाही. बाबा दर तासाला अंगणात जाऊन उत्तरेकडे बघत होते, जणू उशिरा का होईना, कुणी येईल. कुणी रागावलं नाही, हे सगळ्यात वाईट. इंग्रज माणसं अशा वेळी थट्टा करतात आणि ती थट्टा महिनाभर पुरवतात. दुकानात पावभाजीसाठी बटाटे घ्यायला गेलं की, "अरविंद, बर्फाचं फावडं पण देऊ का?" गावचा पोस्टमन पत्र देताना, "आज काळा चष्मा लावू की छत्री उघडू?"

सोमवारी बसस्टॉपवर जेमाने तिच्या टोपीवर हात झटकत बर्फ पडल्याचं नाटक केलं. "मिनल, तुझ्या बाबांचं वादळ!" ती म्हणाली. सगळी पोरं हसली. आणि मीही हसले. मी नुसती हसले नाही, मी कोटाची कॉलर वर करून थरथरून दाखवलं. तेवढ्यात माझं लक्ष गेलं. बाबा दुकानातून दुधाचा कॅन घेऊन परत चालले होते आणि रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर होते. त्यांनी माझ्याकडे पाहून हात हलवला, नेहमी हलवत तसाच, आणि पुढे गेले.

त्या दिवसापासून बाबा मिस हॅलमकडे गेले नाहीत. कारण विचारलं की म्हणायचे, "थंडी आहे, पाठ धरते." कॉम्प्युटर लावला की नोकरीच्या जाहिराती बघायचे, थोड्याच वेळात बंद करायचे. घरात पोळ्या, भाजी, वरण सगळं वेळेवर व्हायचं, फक्त ओट्यापाशी चाललेलं त्यांचं गुणगुणणं थांबलं. मी माफी मागायला हवी होती. मी तीनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आले. शेवटी ख्रिसमसची सुट्टी लागल्यावर मी काही न बोलता सकाळी नऊला मिस हॅलमच्या दारात जायला लागले. त्यांनीही काही विचारलं नाही. फक्त त्या जत्रेच्या दिवसाच्या पानावर त्यांनी काय लिहिलं होतं ते मला एकदा दाखवलं: 'अरविंदचा अंदाज बर्फाचा. आला नाही. अंदाज करण्याजोगी परिस्थिती होती.' त्या म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी अशी बारा-पंधरा पानं लिहिली आहेत. ती घेऊन जा, दाखव त्याला." मी नेली. बाबांनी वाचली, वही मिटली, आणि मला विचारलं, "जेवतेस ना?"

जानेवारीतला एक रविवार. तीन आठवडे पाऊस लागला होता आणि जमीन भिजलेल्या ब्रेडसारखी झाली होती. पहाटेपासून दक्षिणेकडून वारा घोंघावत होता. मी नऊला मिस हॅलमकडे गेले, वाचन घेतलं, आणि त्या मला परत जाऊ देईनात. "काट्याकडे बघ," त्या म्हणाल्या. बॅरोमीटरचा काटा नुसता डोळ्यांनी बघतानाही उतरत होता. आम्ही दर अर्ध्या तासाने लिहीत गेलो. तीन तासांत तो चौदा मिलिबार उतरला. आणि मग बाराच्या सुमारास वारा एकदम पडला. ढग फाटले, तळ्यावर ऊन आलं, मेंढ्या भिंतीआडून बाहेर आल्या. रेडिओवरच्या बाईंनी सांगितलं की वादळाचा जोर ओसरतो आहे. मला हायसं वाटलं. मिस हॅलमना वाटलं नाही. त्या कपाटापाशी गेल्या आणि जुन्या वह्या काढायला लागल्या, पण डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पानं सापडत नव्हती. "अरविंदने हे शोधून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "काटा असा उतरला, मध्ये शांत झालं, आणि मग वारा पश्चिमेवरून वळून डोंगरावरून खाली तळ्यावर कोसळला, असं कधी कधी झालं ते. जा, त्याला विचार. पळत जा."

मी आकडे तळहातावर लिहून पळाले. घरात आई कोट घालून, गाडीची किल्ली हातात घेऊन उभी होती. दोन वाजता तिची ड्यूटी सुरू व्हायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपायची. हॉस्पिटलचा रस्ता तळ्याच्या पूर्व काठाने जायचा, दोन्ही बाजूंना जुने प्रचंड बीच वृक्ष. बाबा ओट्यापाशी तिचा डबा भरत होते. मी हात पुढे केला. बाबांनी आकडे वाचले आणि डब्याचं झाकण लावायचे थांबले.

"मिस हॅलम विचारतायत," मी म्हणाले, "वारा वळेल का?"

"रेडिओवर सांगितलंय ना."

"रेडिओवर सगळ्या जिल्ह्याचं सांगतात, बाबा. तळ्याचं तुम्हाला माहितीये."

"मला काही माहीत नाही, मिनू. मला माहीत असतं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

आईने घड्याळाकडे पाहिलं. माझी आई फार बोलणारी बाई नव्हती. ऑपरेशन टेबलावर माणसाला झोपवताना बोलते तेवढंच आणि त्याच आवाजात घरी बोलायची. "अहो," ती म्हणाली, "मला रेडिओचं नको. मी त्या रस्त्याने जाऊ का नको, एवढंच सांगा."

बाबा हातातलं झाकण नुसतं फिरवत राहिले.

"बसस्टॉपवर मी हसले होते," मी म्हणाले. हे मी त्या वेळी का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. "तुम्ही बघितलंत. मला माहितीये तुम्ही बघितलंत. मी खूप वाईट हसले."

"पोरी, हसण्यासारखंच होतं ते," बाबा म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर त्यांचा हात आला, कणकेने भरलेला, तसाच. मग ते अंगणात गेले. पायात घरातल्याच सपाता. त्यांनी पश्चिमेच्या डोंगरमाथ्याकडे बघितलं, जिथे ढगांची कड सुरीने कापल्यासारखी सरळ होती. तळ्याकडे बघितलं. आत येऊन त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "तळ्याच्या रस्त्याने जाऊ नको. डोंगरावरून, वरच्या रस्त्याने जा. पाऊण तास जास्त लागेल. आत्ता निघ."

"बरं," आई म्हणाली. एवढंच. डबा घेतला आणि गेली. तिची गाडी फाट्यावर डावीकडे वळलेली मी जिन्याच्या खिडकीतून पाहिली.

त्यानंतर बाबांनी फोन उचलला. काठावरच्या हॉटेलला केला, तिथल्या बाईंनी आभार मानून ठेवून दिला. मग गावच्या हॉलमध्ये बॅरीला. रविवारी चर्चनंतर हॉलमध्ये चहा झाला की बॅरी म्हाताऱ्या मंडळींना मिनीबसमधून त्याच रस्त्याने घरी पोहोचवायचे. मी शेजारी उभी होते, मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. बाहेर लख्ख ऊन होतं.

"अरविंद," बॅरी म्हणाले, "मागच्या वेळेसारखं?"

"हो, मागच्या वेळेसारखं असू शकतं," बाबा म्हणाले. "तरी तास दीड तास थांबा. त्यांना अजून एक चहा द्या. मी चुकलो तर उन्हाळ्यापर्यंत हसा. मी स्वतः तुमच्याबरोबर हसेन."

मग बॅरी म्हणाले, "चहाला तसं कुणी नाही म्हणत नाही."

दीड वाजून गेला आणि काही झालं नाही. बाबा सपाता बदलून मिस हॅलमकडे गेले, पाच आठवड्यांनी पहिल्यांदा, मीही मागे. दोघं जिन्याखाली काट्यांपाशी खुर्च्या टाकून बसले. मिस हॅलमनी त्यांना बिस्किटांचा डबा दिला आणि बाबा एक बिस्किट हातात धरून बसून राहिले. दोनला पाच कमी असताना मी खिडकीतून ओरडले, "तळं धुरायला लागलंय!" पलीकडच्या काठावरून पाण्याचे पांढरे लोट उठले होते आणि भोवऱ्यासारखे फिरत, माणसं धावावीत तसे आमच्या दिशेने येत होते. मग आवाज आला. वारा असा आवाज करतो हे मला माहीत नव्हतं. घराच्या अंगावर काहीतरी मोठं, जिवंत येऊन आदळलं. फिरकीचा काटा पट्टीच्या शेवटच्या आकड्याला जाऊन थरथरत थांबला आणि पुढच्याच क्षणी शून्यावर पडला. परसातला खांब मोडला होता. झडपांची पांढरी पेटी भिंतीवरून उडून कुरणात गेली आणि तिच्या फळ्या फळ्या झाल्या. मिस हॅलमनी हाताने तोंड झाकलं. वडिलांनी केलेली पेटी होती ती. बाबांनी त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, खांद्यावर नाही, पाठीवर, आणि चाळीस मिनिटं तो तिथून काढला नाही.

वारा ओसरल्यावर बॅरी चालत आले. त्यांच्या अंगावर चिखल होता. हॉलपासून पाव मैलावर पूर्वेच्या रस्त्यावर अकरा झाडं आडवी पडली होती. त्यांनी स्वतः जाऊन मोजली होती. "सगळे हॉलमध्येच आहेत," ते म्हणाले. "चौथा चहा चाललाय." आणि मग बाबांकडे बघत त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. बाबा म्हणाले, "बायको वरच्या रस्त्याने गेलीय. तिकडचं काही कळलं?"

तिकडचं काही कळलं नव्हतं. फोनच्या तारा तुटल्या होत्या, दरीत मोबाइलला रेंज नसायचीच, वीज गेली होती. त्या संध्याकाळी लोक येऊन बाबांचा हात हातात घेऊन जात होते आणि बाबा प्रत्येकाला तेवढंच विचारत होते. मला तेव्हा कळलं की ज्याचा अंदाज बरोबर येतो त्याचीही सुटका नसते. तळ्याच्या रस्त्याने जाऊ नको हे त्यांनी सांगितलं होतं. पण वरच्या रस्त्याने जा, हेही त्यांनीच सांगितलं होतं. डोंगरावर वारा आधी पोहोचला असेल. मी त्यांच्या शेजारी सोफ्यावर झोपले. मध्ये जाग आली तेव्हा ते बसलेलेच होते.

सकाळी वीज नव्हती, पण आमची शेगडी सिलिंडरची होती, विजेच्या शेगडीवर पोळ्या फुगत नाहीत म्हणून बाबांनी हट्टाने घेतलेली. गावात बहुतेकांची चूल बंद. बाबांना हाताला काम हवंच होतं. त्यांनी घरातलं सर्वांत मोठं पातेलं काढलं, मुगाची खिचडी टाकली आणि मला दारोदार निरोप द्यायला पाठवलं. बारा वाजेपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात मिस हॅलम होत्या, बॅरी होते, जेमा होती, आणि जी म्हातारी मंडळी मिनीबसमध्ये बसली असती त्यांतले चौघं. सगळे वाडगे मांडीवर घेऊन बसले होते. जेमाने लिंबाचं लोणचं चाखलं, डोळे घट्ट मिटले आणि पुन्हा मागितलं. बाबा वाढत होते आणि वाढता वाढता त्यांचे कान दाराकडे होते. मिस हॅलमनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "त्याला म्हण, बस जरा." मी म्हटलं. ते बसले नाहीत.

मिस हॅलम त्यानंतर चार वर्षं जगल्या. बाबांनी त्यांना नवी पेटी करून दिली. सुतारकाम त्यांना येत नव्हतं, ते बॅरीकडून शिकले. पुढे त्या वह्यांमुळेच संशोधन करणाऱ्या काही मंडळींनी बाबांना हवेच्या जुन्या नोंदी उतरवायचं काम दिलं, पगार आधीच्या निम्मा, आणि ते काम त्यांनी साठीपर्यंत केलं. आता आई-बाबा पुण्यात असतात. मी हे प्रकरण लिहिते आहे म्हटल्यावर बाबा फोनवर म्हणाले, "अकरा झाडं लिही, बारा नाही. लोक वाढवून सांगतात." आई मागून म्हणाली की तिला त्यातलं फारसं आठवत नाही, ती फक्त दमली होती. पण मला आठवतं, कारण मी दाराजवळ उभी होते.

त्या दिवशी साडेबाराला मागचं दार उघडलं. डोंगरावरून गावाकडे उतरणारा शेवटचा टप्पा झाडं पडून बंद होता म्हणून आई गाडी सोडून शेवटचे तीन मैल चालत आली होती, पडलेल्या झाडांवरून चढत, कुरणांतून. केसांत डहाळ्या होत्या, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने काळी. तिने सगळ्यांकडे बघितलं, इंग्रजीत 'हॅलो' म्हणाली, आणि समोर दिसली त्या खुर्चीत बसली. बाबांनी हातातला डाव पातेल्यात ठेवला, हात पुसले, आणि तिच्यापुढे खाली बसले, फरशीवर. त्यांनी तिचा एक पाय उचलून बुटाची नाडी सोडवायला घेतली. गाठ भिजून घट्ट बसली होती. ते नखांनी ओढत राहिले.

"अहो, लोक आहेत," आई मराठीत म्हणाली.

"असू दे."

माझ्या आईवडिलांनी माझ्यासमोर एकमेकांचा हातसुद्धा कधी धरला नव्हता. बॅरी उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत मिस हॅलमना मोठ्या आवाजात विचारायला लागले की कुरणातलं पाणी कधी उतरेल. बूट निघाला, मोजा निघाला. आईचा पाय पांढरा पडला होता. बाबांनी तो दोन्ही हातांत धरला आणि घासू लागले.

"काल जाताना वरच्या रस्त्यावर एक फांदीसुद्धा नव्हती हो," आई म्हणाली. "अगदी मोकळा होता."

बाबांनी मान वर केली नाही. त्यांनी तिचा दुसरा पाय मांडीवर घेतला.